कागद कोण देणार?



१९४७ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ऑरिन इव्हान्स नावाच्या काळ्या पत्रकाराचं वर्तमानपत्र बंद पडलं. संप झाला, मालकाने पेपर विकून टाकला, याची नोकरी गेली. हा गडी रडत बसला नाही. जुन्या पेपरातले काही सहकारी धरले, सख्खा भाऊ धरला, ओळखीचे काळे चित्रकार धरले आणि ४८ पानांचं एक कॉमिक काढलं. नाव ठेवलं 'ऑल-निग्रो कॉमिक्स'. आज तो शब्द कानाला टोचतो. त्या काळी काळी माणसं आपल्या संस्थांना तोच शब्द ताठ मानेनं लावत होती. लिहिणारे काळे, रेघा ओढणारे काळे. इतर कॉमिक्स १० सेंटला मिळायची, याने किंमत लावली १५ सेंट.

आत काय होतं? एस हार्लेम नावाचा काळा डिटेक्टिव्ह होता. लायन मॅन नावाचा काळा शास्त्रज्ञ होता, आफ्रिकेतल्या युरेनियमवर पहारा करणारा. आजच्या पोराला यात विशेष काय वाटेल? पण त्या दिवसांत अमेरिकेच्या कॉमिक्समध्ये काळा माणूस यायचा तो जाड ओठांचा, डोळे गरगर फिरवणारा, साहेबाची बॅग उचलणारा, तोतरं बोलणारा. हसायला ठेवलेला माणूस. आपल्या मराठी नाटका-सिनेमातला रामा गडी आठवा, म्हणजे तो काळा नोकर कसा दिसत असेल ते कळेल. इव्हान्सच्या पानांवर काळा माणूस स्वतःच्या डोक्याने विचार करताना दिसला.

पहिला अंक निघाला. दुसऱ्या अंकाची चित्रं तयार झाली. आणि कागदवाल्यांनी कागद द्यायचं नाकारलं. पैसे देतो म्हटलं तरी नाही. पहिल्या अंकाला ज्याने कागद दिला त्यानेही नाही. बंदी नाही, जप्ती नाही, पोलीस नाही, कोर्ट नाही. फक्त कागद विकणार नाही, एवढंच. दुसरा अंक कधीच निघाला नाही.

आपल्या लोकांना ही गोष्ट नवी वाटायची गरज नाही. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. फुकट छापा असं कोणी म्हणत नव्हतं; रोख पैसे देऊन जाहिरात, तीही नाही. फिलाडेल्फियाचा कागदवाला आणि पुण्याचा छापखानेवाला एकमेकांना ओळखत नव्हते. ओळखायची गरजच काय? धंदा एकच होता. १९४६ च्या जुलैत बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला त्याची प्रत मागायला. म्हणजे इकडचे आणि तिकडचे एकमेकांकडे बघत होते. आपण मात्र ते बघणं मध्येच सोडून दिलं आणि अमेरिकेचं फक्त सुपरहिरोंचं पिक्चर घेतलं.

आता पुढचं ऐका. इव्हान्स १९७१ साली वारला. त्या एका अंकाच्या थोड्याशा प्रती उरल्या, त्या जुन्या वस्तू जमवणाऱ्या पैसेवाल्यांच्या कपाटात गेल्या. २०२२ साली ख्रिस रॉबिन्सन या संपादकाने किकस्टार्टर नावाच्या ठिकाणी लोकांना हाक दिली. हा अंक पुन्हा छापायचाय, आजच्या काळ्या लेखक-चित्रकारांकडून त्याच पात्रांच्या नव्या गोष्टी करून घ्यायच्यात, पैसे टाका. लोकांनी टाकले. ७५ वर्षांनी पुस्तक निघालं. २०२४ साली त्याला आइसनर पारितोषिक मिळालं, कॉमिक्सच्या जगातलं सगळ्यांत मोठं. गंमत अशी की हे पारितोषिक ज्या विल आइसनरच्या नावाने देतात, त्याच्याच 'स्पिरिट' या कॉमिकमध्ये एबनी नावाचा जाड ओठांचा काळा पोऱ्या होता. त्या पोऱ्याच्या तोंडावर इव्हान्सने अंक काढला होता, आणि आता त्याच घराण्याच्या नावाचा शिक्का त्याच्या अंकावर. इतिहास कधीकधी असा खवचट वागतो.

हे किकस्टार्टर काय प्रकरण आहे, असं परवा एका पोराने विचारलं. म्हटलं, वर्गणी. दुसरं काही नाही. वस्तू अजून बनायचीय, आधी पैसे द्या, बनली की घरपोच. ठरवलेली रक्कम ठरवलेल्या दिवसांत जमली नाही तर कोणाचाच पैसा कापला जात नाही, सगळं रद्द. जमली तर किकस्टार्टर आपले पाच टक्के कापून घेतं, वर पैसे फिरवणाऱ्याची दलाली वेगळी. २००९ साली हे सुरू झालं आणि इंग्रजी पेपरांनी जणू नवा धर्म निघाल्यासारखा गवगवा केला. च्यायला, आपल्याकडे वस्तीतलं विहार वर्गणीवर उभं राहतं, जयंती वर्गणीवर होते, जलसे वर्गणीवर झाले. १९७६ चा 'मंथन' सिनेमा गुजरातच्या पाच लाख दूधवाल्या शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांतून झाला. आपण पावतीपुस्तक म्हणतो, ते क्राउडफंडिंग म्हणतात.

पण एवढं म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट ती नाही. कारण त्या पावतीपुस्तकाने तिकडे काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे.

अमेरिकन कॉमिक्सचा सगळा धंदा एका चेकवर उभा आहे. १९३८ साली जेरी सीगल आणि ज्यो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन गरीब ज्यू पोरांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला विकून टाकले. सगळे म्हणजे सगळे, कायमचे. मालकाने करोडो कमावले. या दोघांनी कोर्टात भांडून भांडून वर्षं घालवली, नावसुद्धा छापेनात. शेवटी १९७५ साली, इतर चित्रकारांनी आरडाओरडा केल्यावर, कंपनीने वर्षाला वीस-वीस हजार डॉलर द्यायचं कबूल केलं आणि नाव छापायला लागले. २०१२ साली तो जुना चेकचा कागद लिलावात निघाला. एक लाख साठ हजार डॉलरला गेला. कागदाला जेवढे मिळाले तेवढे सही करताना हाताला मिळाले नव्हते.

म्हणून तिकडे जे शहाणे झाले ते मालकाशिवाय छापायच्या मागे लागले. १९६८ साली रॉबर्ट क्रम्बने 'झॅप'चा पहिला अंक सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर बायकोबरोबर बाबागाडीत ठेवून विकला. १९८४ साली ईस्टमन आणि लेअर्ड या दोघांनी इन्कम टॅक्सचे परत आलेले पैसे आणि काकाकडून उसने घेतलेले पैसे घालून तीनेक हजार प्रती छापल्या. ती तुम्ही टीव्हीवर पाहिलेली निन्जा कासवं. १९९३ साली ड्वेन मॅकडफी आणि त्याच्या काळ्या साथीदारांनी माइलस्टोन काढलं. छपाई आणि विक्री मोठ्या कंपनीची, हक्क मात्र स्वतःकडे. चार वर्षं तग धरली, मग कॉमिक्स बंद. तरी चार वर्षं.

आणि मग वर्गणीचा काळ आला. २०१२ साली रिच बर्लू नावाच्या माणसाने, ज्याच्या कॉमिकमध्ये काड्यांची माणसं असतात, आपण लहानपणी पाटीवर काढायचो तशी, जुनी पुस्तकं परत छापायला ५७,७५० डॉलर मागितले. जवळजवळ पंधरा हजार वाचकांनी मिळून साडेबारा लाखांवर दिले. मध्ये कुठला प्रकाशक नाही, पेपरात परीक्षण नाही. पण त्याच वर्षी त्याच्या हाताला काच लागली आणि कबूल केलेल्या वस्तू वाचकांच्या घरी पोचायला फार उशीर झाला. पैसे जमवणं सोपं, गठ्ठे बांधून टपालात टाकणं अवघड, हे तिकडच्या प्रत्येकाने फार उशिरा शिकून घेतलं.

मला त्यात सगळ्यांत पटते ती स्पाइक ट्रॉटमन. शिकागोची काळी बाई, आयर्न सर्कस नावाचं स्वतःचं प्रकाशन. तिनेही २०१२ मध्येच बायकांनी बायकांसाठी काढलेल्या कामकथांच्या चित्रांचा संग्रह वर्गणीतून काढला. वीस हजार मागितले, त्र्याऐंशी हजार आले. नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत, मला त्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो. वर्गणी ठरल्यापेक्षा जसजशी वाढेल तसतसं चित्रकारांचं मानधन वाढेल, असं तिने आधीच जाहीर केलं होतं. जादा पैसा आला तो मालकिणीच्या गल्ल्यात बसला नाही, हातांकडे गेला. वर तिने ही सगळी पद्धत चित्रं काढून समजावून सांगितली, की बायांनो, असं असं करा, इथे फसाल, टपालखर्च आधी मोजा. गुपित म्हणून दडवून ठेवलं नाही. ज्ञान वाटून टाकणारी माणसं आपल्याला जवळची वाटतात, त्यात नवल काय.

आता यंत्राच्या मालकाकडे वळतो. कारण वर्गणी लोकांची असली तरी डबा कोणाचा, हा प्रश्न राहतोच.

किकस्टार्टर ही कंपनी २०१५ पासून स्वतःला सार्वजनिक हिताची कंपनी म्हणवते. म्हणजे नफ्यापेक्षा भलं मोठं, असं लिहून दिलेली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथे एक कॉमिक वर्गणीसाठी आलं. नाव असं की मराठीत सांगायचं तर 'नात्झी दिसला की ठोसा'. टिंगलीचं कॉमिक. ब्राइटबार्ट या कडव्या उजव्या बातमीवाल्यांनी बोंब ठोकली की हे हिंसेला चिथावणी देतंय, नियमात बसत नाही. कंपनीत नियम तपासणारी जी नोकरदार मंडळी होती त्यांनी वाचलं आणि म्हणाली, विनोद आहे, राहू द्या. वरच्या साहेबांनी फिरवलं. काढा म्हणाले. तेव्हा नोकरांनी सभेत साहेबांना धारेवर धरलं, आणि साहेबांना माघार घ्यावी लागली. कॉमिक राहिलं.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. ज्यांनी तोंड उघडलं होतं त्यांच्या लक्षात आलं, की आज वाचलो, उद्या काय? आणि त्यांनी युनियन बांधायला घेतली. २०१९ च्या मार्चमध्ये जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये बांधणी करणाऱ्यांतल्या दोघांना नोकरीवरून काढलं. कारण सांगितलं, काम बरोबर नाही. हे कारण गिरणगावात मोठ्या झालेल्या माणसाला तोंडपाठ असतं. तरी २०२० च्या फेब्रुवारीत मतदान झालं: ४६ बाजूने, ३७ विरुद्ध. २०२२ साली पहिला करार झाला. एका टिंगलीच्या कॉमिकवरून एका चकचकीत कंपनीत युनियन उभी राहिली. ज्यांना वाटतं चित्रकथा म्हणजे पोरखेळ, त्यांनी ही गोष्ट दोनदा वाचावी. आणि ज्यांना वाटतं डबा लोकांचाच आहे, त्यांनी तीनदा.

श्रीमंतही आता त्याच रांगेत येऊन उभे राहिलेत. २०२० साली एका बऱ्यापैकी मोठ्या प्रकाशनाने हॉलिवूडचा नट केआनू रीव्ज याला घेऊन तिथेच चौदा लाखांवर डॉलर गोळा केले. ज्याच्याकडे छापखाना आहे, वितरण आहे, नट आहे, तोही वर्गणी मागतो. भिकाऱ्याच्या रांगेत सावकार.

आणि एक कडू गोष्ट सांगून टाकतो, कारण आपले काही साथी 'लोकांचा पैसा म्हणजे क्रांतीचा पैसा' असं छातीठोक बोलतात. २०१८ च्या सुमारास अमेरिकेत कॉमिक्सगेट म्हणून टोळकं उठलं. यांचं दुखणं काय, तर कॉमिक्समध्ये बायका आल्या, काळे आले, आमचं बालपण बाटलं. बायांना शिव्या, चित्रकारांच्या मागे लागणं, सगळं केलं. हेसुद्धा चाहतेच. आणि यांनीही इंडिगोगोवर वर्गणी काढून आपली कॉमिक्स लाखो डॉलरला विकली. वर्गणी गणपतीचीही होते, जयंतीचीही होते. पावती फाडणारा हात कुठल्या बाजूचा, ते पावतीवर छापलेलं नसतं.

वितरणाचं थोडक्यात सांगतो. तिकडे १९९७ नंतर जवळपास सगळ्या कॉमिक्सच्या दुकानांना माल पुरवणारी एकच कंपनी उरली होती, डायमंड. करोनात २०२० साली तिने माल पाठवणं थांबवलं तेव्हा सगळा देश थांबला. २०२५ च्या जानेवारीत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. लहान प्रकाशकांनी विश्वासाने विक्रीसाठी ठेवलेले गठ्ठे तिच्या गोदामात होते, विकले जातील तेव्हा पैसे द्या या बोलीवर. आणि कोर्टात मागणी काय झाली? ते गठ्ठे विकून बँकेचं देणं फेडू द्या. दुसऱ्याची पुस्तकं विकून स्वतःचं कर्ज!

आपल्याकडे डायमंड नाही. आपल्याकडे सहा डिसेंबर आहे. दादरला शिवाजी पार्कात लाखो माणसं येतात, अंगावरच्या कपड्यानिशी येतात, पुलाखाली झोपतात आणि जाताना पिशवीत पुस्तक घेऊन जातात. नागपूरला दीक्षाभूमीवर तेच. साहित्य संमेलनाच्या मांडवात बसलेल्या प्रकाशकाला विचारा, एवढी गर्दी पुस्तकासाठी थांबलेली आयुष्यात पाहिलीस का? अमेरिकेत कॉमिक्सच्या जत्रा भरतात, चित्रकार टेबल भाड्याने घेऊन बसतात, वाचक येऊन सही घेतात, तिथेच ओळखी होतात, तिथेच पुढच्या पुस्तकाची वर्गणी जमते. आपली जत्रा त्यांच्या आधीपासून भरतेय. फक्त त्या टेबलावर चित्रकथा फार कमी दिसते. १९७९ साली अमर चित्रकथेने बाबासाहेबांवर अंक काढला, २०११ साली दिल्लीच्या नवयानने 'भीमायन' काढलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्यात चौकटीत माणूस कोंडायचं नाकारलं आणि पान मोकळं सोडलं. बघावं असं पुस्तक आहे. पण आपल्या वस्तीतल्या पोरापोरींनी, आपल्या गल्लीतल्या गोष्टीवर, आपल्या पैशाने काढलेलं? बोटं मोडून बघा किती सापडतात.

आता या अंकाच्या खऱ्या विषयावर येतो.

आपल्यातल्या चौघांनी, दोन पोरी दोन पोरं, गटारात उतरणाऱ्या माणसावर ७२ पानांची चित्रकथा पुरी केलीय. हाताने मैला काढायला लावू नये म्हणून कायदा २०१३ साली झाला. माणूस तरी उतरतोय, मरतोय. त्यावर आहे. पान पान पाहिलंय मी. झाकण उघडल्यावर आतून दिसणारं आभाळाचं जे गोल काढलंय, ते पाहून माझी बोलती बंद झाली. शहरातल्या एका मोठ्या प्रकाशनाने ती बघितली, खूश झाले, आणि करार पाठवला. एकरकमी पैसे, हक्क सगळे, सगळ्या माध्यमांतले, कायमचे. आणि खाली बारीक सूचना: पात्रांची आडनावं जरा सर्वसाधारण करता येतील का.

सर्वसाधारण! गटारात कुलकर्णी उतरवू का?

रक्कम वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. चौघांतल्या एकीच्या घरी आजारपण आहे, एकाची फी थकलीय. त्यामुळे कोणी सही केली असती तर मी त्याला शिव्या घातल्या नसत्या. सीगल आणि शुस्टरला कोण शिव्या घालतं? भुकेल्या माणसाच्या सहीबद्दल तत्त्वज्ञान सांगणारे पोटभर जेवलेले असतात. पण चौघांनी बसून ठरवलं, नाही. ठरवलं त्यांनी, आता निभावायचं आपण.

म्हणून वर्गणी. काही साथी म्हणतात, कुठल्यातरी इंटरनेटच्या डब्यात टाकू, जगभरातून पैसा येईल. यायचा तर येऊ दे, लंडनचा, न्यू जर्सीचा जयभीमवालाही आपलाच आहे. पण पाया पावतीपुस्तकाचा. एक प्रत शंभर रुपये, आगाऊ. फोनवरून द्या, हातात द्या, पावती मागून घ्या. ज्याच्याकडे शंभर नाहीत त्याने दहा द्यावेत आणि वाचनालयात वाचावं. हजार प्रतींचे पैसे जमले तरच कागद उचलायचा; नाही जमले तर ज्याचे त्याला परत, एक रुपया न कापता. हजाराच्या वर जे येईल त्यातून आधी चौघांचं मानधन, ट्रॉटमनबाईच्या हिशेबाने. हक्क चौघांच्या नावावर, आमच्या अंकाच्याही नाही. देणगीदारांची नावं छापली तर एकाच टाइपात, शंभरवाला आणि पाच हजारवाला शेजारी शेजारी. पाहुण्या पुढाऱ्याचा फोटो मागच्या पानावर नाही. विचारून झालंय, उत्तर देऊन झालंय.

'बहिष्कृत भारत' चालवताना बाबासाहेब चोवीस चोवीस रकाने एकट्याने लिहून काढायचे, आणि वर्गणीदार पैसे पाठवत नव्हते. १९२९ साली तो पेपर बंद पडला. तेव्हाच्या माणसाच्या खिशात खरंच काही नव्हतं. आज आपल्यातल्या कितीजणांच्या खिशात महिन्याला सिनेमाची दोन तिकिटं निघतात, ते आपापलं मोजा. 'ब्लॅक पँथर' पिक्चरला पहिल्या दिवशी शिट्ट्या मारायला गेलेले मला माहीत आहेत, नावं घेत नाही. तो पँथर मार्व्हलने १९६६ च्या जुलैच्या अंकात आणला, ओकलंडची ब्लॅक पँथर पार्टी त्याच ऑक्टोबरात निघाली. आणि १९७२ साली, ज्या साली मुंबईत आपली पँथर जन्मली त्याच साली, मार्व्हलने घाबरून एका अंकात त्याचं नाव बदलून 'ब्लॅक लेपर्ड' करून पाहिलं होतं. शिट्टी मारताना एवढं माहीत असू द्या.

कागदवाला आपलाच गाठलाय, तोंडी बोलणं झालंय, रीमचा भाव लेखी घेतलाय. बायंडर राहिलाय, कोणाच्या नात्यात असेल तर कळवा. पावतीपुस्तकं वीस छापलीत, प्रत्येकावर नंबर आहे, घेऊन जाताना वहीत सही करा. पुस्तक सहा डिसेंबरच्या आधी बांधून व्हायला हवं, म्हणजे ऑक्टोबरअखेर पैसे मोजून झाले पाहिजेत. पुढच्या अंकाच्या शेवटच्या पानावर सगळा हिशेब छापतो, कागदवाल्याच्या बिलासकट.